ग्रीफ कधी येणार

इंग्रजीच्या मास्तरने स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसू नये, हे मला आता पूर्ण पटलं आहे. ओट्यावर बसलेला मास्तर सार्वजनिक मालमत्तेत मोडतो. कुणी औषधाची बाटली आणतं, कुणी फवारणीच्या डब्यावरचा कागद आणतं, कुणी पुण्याच्या मेव्हण्याने दिलेल्या घड्याळाची पुस्तिका आणतं आणि 'सर, एवढं काय लिव्हलंय बगा' म्हणून पुढ्यात बसतं. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवपासून तर हा जाच फारच वाढला. सरकारने देशाची दारं उघडली म्हणे. उघडली असतील, पण त्या दारांतून जे काही आत आलं, त्याच्यावरचं सगळं इंग्रजी वाचून घ्यायला माझ्या ओट्यावर आलं. माजलगावहून गेवराईकडे जाताना आमचं गाव लागतं. गावाचं नाव सांगत नाही. या प्रकरणात गाव मला बरंच काही बोललेलं आहे आणि त्याला पुन्हा सुरुवात करून द्यायची माझी ताकद नाही.

तर त्या दिवशी ओट्यावर मन्मथप्पा आले. बाजारात त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान. पंखे, मिक्सर, टेपरेकॉर्डर आणि अलीकडे रंगीत टीव्ही. त्यांच्या पत्नी शांतादेवी नुकत्याच गेल्या होत्या. मन्मथप्पा लिंगायत. त्यांच्यात माणूस गेलं की शिवैक्य झालं म्हणतात आणि सुतक पाळत नाहीत. डोई करायची नाही, दुकान बंद ठेवायचं नाही. स्वामींनी सांगितलं, त्या शिवाकडे गेल्या, दुःख करू नका. मन्मथप्पांनी मान डोलावली, माती दिली आणि दुकान उघडलं.

पंचाईत अशी की, बाकीच्या गावाला माणसाचं दुःख त्याच्या डोक्यावरून कळतं. मुंडण दिसलं की लोक आपोआप आवाज खाली आणतात. मन्मथप्पांच्या डोक्यावर केस होते, कपाळाला भस्म होतं आणि दुकानात पंखे फिरत होते. खेड्यापाड्यातून आलेलं गिऱ्हाईक बल्ब मागता मागता 'वैनी बऱ्या हायेत ना?' असं विचारायचं. मग सांगावं लागायचं. सांगितलं की ते गिऱ्हाईक पिशवी खाली ठेवून बसायचं आणि रीतीप्रमाणे विचारायचं, कसं झालं. आमच्याकडे हे विचारावंच लागतं, नाही विचारलं तर माणुसकी नाही म्हणतात. आणि विचारलं की पहिल्यापासून सांगावं लागतं. सकाळी काय खाल्लं, चक्कर कधी आली, जीप कुणाची मिळाली, बीडच्या रस्त्याला कुठपर्यंत बोलत होत्या. एकाचं ऐकून होतं न होतं तोवर दुसरा पायऱ्या चढत असायचा.

"सर," मन्मथप्पा म्हणाले, "मी लई दमलो. रोज तिला जीपमदी घालतो आन रोज बीड यायच्या आत ती जाती. मला एक शब्द द्या. इंग्रजी. पाटी लावतो दुकानात."

"इंग्रजी कशाला?"

"मराठीत लिव्हलं तर अजूनच बसतेत. इंग्रजीला मानूस भितो. ब्यांकेत बगा, इंग्रजी पाटी असली की कुनी इचारत न्हाई. गप पुढं जातेत."

या तर्कात मला त्या वेळी काहीच खोट दिसली नाही. शिवाय खरं सांगायचं तर मी सुखावलोही होतो. आजवर लोक शब्द घेऊन यायचे आणि अर्थ मागायचे. अर्थ घेऊन शब्द मागायला आलेला हा पहिलाच माणूस होता.

आमच्या गावात दोन माणसं बोलत बसली की सभा भरली असं समजतात. शेजारचे आप्पाराव लगेच आले. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कामकाजाची फार आठवण येते. ते म्हणाले, "कंडोलन्स लिव्हा. आमचे मोठे साहेब वारले तवा कचेरीत कंडोलन्सच झालतं. दोन मिंटं उभं ऱ्हायलो आन सुट्टी."

मी म्हटलं, ते दुसऱ्यांनी करायचं असतं, ज्याचं माणूस गेलं त्याने नाही. आतून आमच्या सौभाग्यवती केसर म्हणाल्या, "नुस्तं सॅड लिव्हा की. पाचवीच्या पोराला कळतंय."

"कळायला नकोच आहे," मी म्हटलं, आणि मग माझ्यातला मास्तर उठून उभा राहिला. मी सांगितलं की सॅड म्हणजे काही खरं नव्हे, एसटी चुकली तरी माणूस सॅड होतो. सॉरो म्हणजे मुरलेलं दुःख, ते बहुतेक पुस्तकात सापडतं आणि धड्याखालच्या प्रश्नांत विचारतात. ग्रीफ वेगळं. ग्रीफ हे जवळचं माणूस गेल्याचं दुःख. ते ताजं असतं, जड असतं, कुणाला देता येत नाही आणि त्यावर काही करता येत नाही. इतकं चांगलं मी वर्गात कधी शिकवलेलं नाही. वर्गात कुणी ऐकतही नाही.

मन्मथप्पा खाली बघत ऐकत होते. "ते शेवटचं," ते म्हणाले.

"ग्रीफ?"

"हां. तेच द्या."

शब्द दिला तिथे माझं काम संपायला हवं होतं. पण स्पेलिंग चुकू नये म्हणून बंकट पेंटरला सांगायला मी स्वतः गेलो, आणि माझ्या हालांची सुरुवात तिथून आहे. बंकटला मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. काळी पाटी, पांढरी अक्षरं, लहान, साधी. बंकट म्हणाला, "तुमी काळजीच करू नका, सर." हे वाक्य ऐकलं की माणसाने काळजी करायला सुरुवात करावी.

त्या काळात बंकटच्या हातात सगळी बाजारपेठ होती. रोज नवी कंपनी यायची आणि दुकानांची शटरं फुकटात रंगवून द्यायची. साबण, पंप, टूथपेस्ट, बियाणं, सगळं बंकटच रंगवायचा. इंग्रजीचं एक अक्षर न वाचता तो इंग्रजी फार सुंदर काढायचा. दुसऱ्या दिवशी मी दुकानासमोर गेलो तेव्हा पाटी लागलेली होती. निळ्या पाटीवर पिवळीधमक अक्षरं, प्रत्येक अक्षराला लाल सावली, मागून सूर्य उगवल्यासारखे किरण, आणि वरच्या कोपऱ्यात एक चांदणी काढून तिच्या पोटात मराठीत 'नवीन' असं लिहिलेलं. पाटी रस्त्याच्या पार टोकापासून दिसत होती.

"बंकट, काळी पाटी सांगितली होती."

"काळा रंग उठत न्हाई, सर. आन साबनाच्या कंपनीचा निळा उरलाता."

"आणि हे नवीन?"

"त्यो कोपरा रिकामा दिसत व्हता."

मी मन्मथप्पांकडे पाहिलं. ते गल्ल्यावर बसून पाटीकडे बघत होते. म्हणाले, ऱ्हाऊ द्या, बंकटनं जीव लावून केलंय. मी घरी आलो.

संध्याकाळी ओट्यावर सुग्रीवराव आले. सुग्रीवराव म्हणजे धरणाच्या पाण्यावरचा ऊस आणि कारखान्याचं बिल. गावातला पहिला फ्रीज त्यांच्या घरात आला, घरावरची टीव्हीची पहिली छत्रीही त्यांचीच. कुठलीही वस्तू गावात दुसऱ्याच्या घरी आधी उतरली की त्यांना जेवण जात नाही. त्यांनी इकडचंतिकडचं काही न बोलता विचारलं, "सर, ग्रीफ कधी येनार?"

मला क्षणभर काही कळेना. कळलं तेव्हा मी शांतपणे सांगितलं, "सुग्रीवराव, ती वस्तू नाही. ग्रीफ म्हणजे दुःख."

सुग्रीवराव डोळे बारीक करून हसले. "आसंल, सर. तुमी मन्मथप्पाचे जवळचे, तुमी कावून सांगताल? पर येवढं करा, गावात पैलं ग्रीफ माझ्या घरी उतरलं पायजे. मृत्युंजयला बी सांगून आलोय."

मृत्युंजय हा मन्मथप्पांचा मुलगा. दुकान आता खरं तर तोच चालवतो. मी त्याला गाठून विचारलं, तू खुलासा का नाही केलास. त्याने मान खाली घातली. "कसा करू, सर? 'आई गेली' मनायचं येतं मंग त्याच्यात. मी मनलं, आलं की कळवतो."

त्यानंतर माझ्या घरासमोरून सरळ कुणी गेलंच नाही. भिवराबाईंनी विचारलं, दळायचं हाय का धुवायचं. कुणी विचारलं, रंगीत आहे का. आप्पारावांना सगळं ठाऊक होतं, पण त्यांनी गावाला काही सांगितलं नाही. प्रकरण त्यांच्या अखत्यारीत येत नव्हतं, असं ते म्हणाले. एक दिवस शाळेतून उन्हातून दमून आलो होतो, चपलाही काढल्या नव्हत्या, आणि कुणीतरी विचारलं, "सर, त्ये लाइट गेल्यावर चालतं का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "लाइट गेल्यावर तर जास्तच चालतं." झालं. इंग्रजीच्या सरांनी खात्री दिली म्हणून ग्रीफच्या बुकिंगला एकदम जोर आला. आमच्याकडे लाइट बहुधा गेलेलीच असते.

मी मन्मथप्पांना जाऊन म्हटलं, पाटी काढा. लोक तुमच्या दुःखाला माल समजतायत. मला तर बाजारातून जायची चोरी झाली आहे.

मन्मथप्पा म्हणाले, "सर, पाटी लागल्यापासून कसं झालं मनून एकानं बी इचारलं न्हाई. येतेत, ग्रीफ कवा येनार इचारतेत, न्हाई आलं मनलं की जातेत. काय बी इचारू द्या. तेवढं सोडून." ज्या कामासाठी शब्द दिला ते काम तो चोख करत होता. फक्त अर्थाशी त्याचा काही संबंध उरला नव्हता.

मग सरकारी यंत्रणा हलली. ग्रामसेवकाने मन्मथप्पांना जाहिरात फलकाचा कर भरायला सांगितलं. मन्मथप्पांनी त्याला माझ्याकडे पाठवलं, कारण शब्द माझा होता. मी समजावलं की ही कंपनीची जाहिरात नाही. ग्रामसेवक म्हणाला, हरकत न्हाई, मग कंपनीचं तसं पत्र आणा.

"कुठल्या कंपनीचं?"

"जिची जाहिरात न्हाई, तिचं."

हा माणूस माझाच विद्यार्थी होता. त्याला मीच पास केलं होतं, वर ढकललं होतं म्हणा. त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

तोवर शाळेत हेडमास्तरांनी बोलावलं. मी ग्रीफची एजन्सी घेतली असून शाळेच्या वेळात बुकिंग करतो, असं संस्थाचालकांच्या कानावर गेलं होतं. मी म्हटलं, सर, ग्रीफ म्हणजे दुःख. हेडमास्तर म्हणाले, "ते मला कळतं हो, मीही बी.ए. आहे. पण तुम्ही लेखी द्या, की तुमचा ग्रीफशी काही संबंध नाही." मी लेखी दिलं. घरी येऊन केसरला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. "लग्नाला येवढी वर्सं झाली," ती म्हणाली, "आन तुमी असं खोटं लिव्हून आलात?" घरात आणि दारात दोन्हीकडे माझी ही किंमत होती. वीस-बावीस वर्षं नोकरी करून माणसाने गावात जी थोडीफार इभ्रत जमवलेली असते, ती एका निळ्या पाटीखाली रोज थोडी थोडी गळत होती.

शेवटी कुणीतरी निनावी अर्ज केला. बाजारात मन्मथप्पांचा धंदा सहन न होणारी दोन-तीन दुकानं आहेत, त्यांतलं कुठलं ते मी सांगणार नाही. अर्जात होतं की, हा दुकानदार ग्रीफ नावाचा परदेशी माल चोरून विकतो, साठा लपवून ठेवलेला आहे आणि नोंद कुठेच नाही. एका दुपारी कर खात्याचे इन्स्पेक्टर जीप घेऊन दुकानासमोर उतरले. मृत्युंजय धावत माझ्याकडे आला. मी शब्दकोश काखेत मारून गेलो.

इन्स्पेक्टर वयाने बरेच मोठे होते. चेहऱ्यावर घाम आणि धूळ. अशा अर्जांपायी जिल्हाभर हिंडून कंटाळलेला माणूस दिसत होता. मी शब्दकोश उघडून त्यांच्यासमोर धरला आणि अर्थ वाचून दाखवला. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, पुस्तकात अर्थ काहीही असू द्या. पुस्तकात तर उषा म्हणजे पहाट आहे, दुकानात पंखा. मला अर्ज निकाली काढायचा आहे. पाटीवर नाव आहे, नवीन लिहिलेलं आहे, लोक बुकिंगला येतात. माल नाही असं मी कशाच्या जोरावर लिहू?"

दुकानाबाहेर निम्मा बाजार जमला होता. सुग्रीवराव सगळ्यांत पुढे होते. आता खोका उघडणार, अशी त्यांची खात्री होती. मला वाटलं, मन्मथप्पांनी फक्त एकदा म्हणावं, माझी बायको गेली, म्हणून ही पाटी. एवढं वाक्य म्हटलं की मी सुटलो, ते सुटले. पण ते वाक्य म्हणायला लागू नये म्हणून तर एवढं सगळं रामायण झालं होतं. म्हणावं की न म्हणावं, मलाच समजेना.

इन्स्पेक्टरांनी विचारलं, "साठा कुठं आहे?"

"घरी हाय," मन्मथप्पा म्हणाले.

माझ्या हातातून शब्दकोश निसटला. मन्मथप्पा गल्ल्यावरून उठले, चपला घातल्या आणि निघाले. घर दुकानाच्या मागेच होतं. इन्स्पेक्टर, मी, मृत्युंजय आणि मागे सुग्रीवराव. बाकीचे लोक दाराशी थांबले. मन्मथप्पांनी आम्हाला सरळ देवघराच्या खोलीत नेलं. इन्स्पेक्टरांनी उंबऱ्याबाहेर बूट काढले.

खोलीत काही नव्हतं. भिंतीशी दोन आसनं शेजारी शेजारी अंथरलेली होती, दोन्हींपुढे एकेक भस्माची वाटी.

"साहेब," मन्मथप्पा म्हणाले, "आमी दोगं इथं बसून सकाळची लिंगपूजा करायचो. माझी लवकर उरकायची. तिची लांबायची. मी वाट बगत बसायचो. ती उठली की मगच च्या. लग्नापासून असंच. आता तिच्या गळ्यातलं लिंग तिच्यासंगं मातीत गेलं. पर सकाळी हात आपुआप दोन आसनं टाकतेत. माझी पूजा होती. आन मी बसून ऱ्हातो. तिची झाल्याबिगर कसं उठावं? कवा उठावं ते कळतच न्हाई. ह्यो मृत्युंजय येतो, आप्पा, दुकान उघडायचं मनतो, मंग उठतो. स्वामी मनले, दुःख करू नका. मी दुःख करत न्हाई. मी निस्ता बसतो. सरांनी सांगितलं त्याला ग्रीफ मनतेत."

मृत्युंजय तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभा होता. त्याला हे ठाऊक नव्हतं. रोज सकाळी तो वडिलांना पूजेतून उठवतो आहे, एवढंच त्याला वाटत होतं. मला फार वाईट वाटलं. माझ्या इभ्रतीचं त्या खोलीत मला काही आठवलंही नाही.

सुग्रीवराव मागच्या मागे सरकत दाराबाहेर गेले. बाहेरून त्यांचा आवाज आला, "चला बे, घरी चला. काय बगता?"

इन्स्पेक्टरांनी खिशातून पेन काढलं. मी म्हटलं, साहेब, आता तरी अर्ज फाडून टाका. ते म्हणाले, "फाडता येत नाही, गुरुजी. आवक नोंद झालेली आहे. काहीतरी लिहावंच लागतं." ते उंबऱ्यावर बसले, गुडघ्यावर कागद घेतला आणि सावकाश लिहिलं. लिहून झाल्यावर, दुकानमालकाला वाचून दाखवायचा नियम आहे म्हणाले, आणि वाचून दाखवलं:

'प्रत्यक्ष तपासणीत असे आढळून आले की, ग्रीफ ही वस्तू मालकाने विक्रीसाठी ठेवलेली नसून ती त्यांच्या स्वतःच्या घरगुती वापरातील आहे. साठा राहत्या घरीच असून अन्यत्र हलवण्याजोगा नाही. सबब कर लागू होत नाही.'

त्यांनी कागद आणि पेन पुढे केलं. मन्मथप्पांनी चष्मा लावून तो कागद पुन्हा एकदा स्वतः वाचला.

"बरोबर लिव्हलंय," ते म्हणाले, आणि खाली सही केली.